पहिली पाळी वज्रबाहूची

मंडळी, ज्याच्या अंगात बळ आहे त्यानं ते वापरावं की नाही? — वापरावं! कोण म्हणालं? मागून पैलवान बोलले वाटतं! बरोबर आहे तुमचं. मग पुढचं सांगा — प्रत्येक वेळी वापरावं का? आता का गप्प?

आज पुराणातलं आख्यान नाही. कऱ्हाडातलं आहे, गेल्या वर्षीचं. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत रविवारी दुपारी चौघं खेळायला जमायची. पत्ते नव्हेत हो! वसुधाताई म्हणून शाळेतल्या बाई, त्या गोष्ट सांगणार — समोर खिंड आहे, खिंडीत राक्षस आहे. बाकी तिघांनी एकेक पात्र व्हायचं आणि सांगायचं, आता मी काय करतो. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. प्रत्येकाला सुरुवातीला तीस गुण मिळतात, ते पात्राला वाटून द्यायचे. बळाला किती, चपळाईला किती, वाणीला किती. देवानं आपल्याला असं विचारलं होतं का? नाहीतर आम्ही कीर्तनकारांनी सगळे गळ्यालाच दिले असते!

शार्दूल इंजिनिअरिंगचा मुलगा. डोकं तल्लख! महिनाभर नियमांची पुस्तकं पालथी घातली पठ्ठ्यानं. कुठल्या तलवारीला कुठला मंत्र जोडला की घाव दुप्पट बसतो, सगळं वहीत मांडलं. वाणीला शून्य. सगळे गुण बळाला आणि चपळाईला. वीराचं नाव वज्रबाहू. आणि जो चपळ, त्याची पाळी आधी! राक्षस तोंड उघडतो न उघडतो तोच — खट्! — आडवा. बाकीचे बघत बसायचे. पण लबाडी नव्हती हं. एकही नियम त्यानं मोडला नाही.

दुसरा अंबरीश. त्यानं सगळे गुण वाणीला दिले, राजाचा दूत झाला. आणि मंडळी, हा अंबरीश बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. वाण्याच्या दुकानात चिठ्ठी पुढे करायचा, पण तोंड उघडायचा नाही. तिसरी त्याची थोरली बहीण वैजयंती. तीच त्याला इथे घेऊन आली होती.

वसुधाताईंनी मुद्दाम त्याच्यासाठी प्रसंग रचला. खिंडीत म्हातारा राक्षस. त्याचा मुलगा माणसांनी मारला, म्हणून वाट अडवून बसलेला. त्याची समजूत काढायची. अंबरीशनं आठ दिवस तयारी केली. रविवारी उभा राहिला. कपाळावर घाम! "म-म-महाराज, तु-तुमचा मु—"

"पाळी माझी आहे!" शार्दूल म्हणाला. "मारतो." फासा पडला. राक्षस मेला. आणि वर हसून काय म्हणतो? "अरे, तुला त्रास नको म्हणून मीच उरकलं!"

वाईट मनानं नाही हो म्हणाला! तेच तर दुःख आहे. अंबरीश खाली बसला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

वैजयंती शार्दूलला म्हणाली, "आठ दिवस आरशासमोर उभा होता रे तो. बाहेर सगळेच त्याचं वाक्य पुरं करतात. इथं कुणी करत नव्हतं, म्हणून यायचा. आता घरातसुद्धा बोलत नाही."

शार्दूलचा चेहरा उतरला. "ताई," तो वसुधाताईंना म्हणाला, "वज्रबाहूचं बळ कमी करतो मी."

"बळ राहू दे. पाळी आली तरी थांबता येतं, असाही नियम आहे. वाचला नाहीस?"

वाचला होता! वापरला कधी नव्हता. तो अंबरीशच्या दारात गेला. म्हणाला, "चुकलो. एकदा ये. मी मध्ये पडणार नाही."

अंबरीश आला. खिंडीत आता कोण उभं? त्या राक्षसाची बायको! मुलगा गेलेला, नवराही गेलेला, हातात गदा. पहिली पाळी वज्रबाहूची. सगळे शार्दूलकडे बघताहेत. तो म्हणाला, "मी थांबतो."

अंबरीश बोलू लागला. एकेक शब्दाला किती वेळ! कुणी हललं नाही. फासा टाकला — तीन! फसलं. गदा उठली ती दूतावर. शार्दूल म्हणाला, "वज्रबाहू मध्ये उभा राहतो. तलवार म्यानात." घाव बसला. पुन्हा पाळी, पुन्हा तेच, पुन्हा घाव. तिसऱ्या घावाला वज्रबाहू कोसळला. वर्षभर जपलेला वीर! शार्दूलचे डोळे भरले, पण तो म्हणाला, "अंबरीश, थांबू नकोस. बोल."

"आ-आई," अंबरीश म्हणाला, "तु-तुमच्या नवऱ्याशी म-मला बोलायचं होतं. आ-आम्ही ऐकून न घेता त्याला मारलं. मा-माफ करा."

वसुधाताईंनी फासा मागितलाच नाही. म्हणाल्या, "तिनं गदा खाली ठेवली."

मंडळी, आता खेळ सोडा. कुणाचं बळ पगारात असतं, कुणाचं वयात, कुणाचं आवाजात. तुमच्या घरी आधी कोण बोलतं? सुनेचं वाक्य कोण तोडतं? धाकट्याच्या तोंडचा शब्द कोण ओढून घेतं? प्रेमानंच हं! त्याला त्रास नको म्हणून!

दुसऱ्याला कशाला, माझंच सांगतो. माझी बायको सरोजिनी समोर बसली आहे. एकतीस वर्षं ती "मी काय म्हणते" एवढंच म्हणते, पुढचं मीच बोलतो. हसू नका. मला लाज वाटते आहे.

देवा, बोलायला गळा दिलास, आता ऐकायला धीर दे. चिपळ्या खाली ठेवतो. आरतीला उशीर झाला तर देव रागावणार नाही. सरोजिनी, काय म्हणत होतीस? बोल.