घरात कुणाला होतं का?

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. डोळे मासिकात होते, पण कान शेजारच्या बाकावर. तिथली एक बाई नुकतीच तपासून बाहेर आली होती, दुसरी तिच्या सोबतीला आलेली शेजारीण.

“दिली का गोळी?”

“एवढ्यात नाही. म्हणाल्या, हार्मोनच्या गोळ्यांनी पाळी जातानाच्या या घामाच्या लाटा थांबतील, झोप लागेल, हाडंही टिकतील. पण रक्ताची गुठळी, छातीचा कॅन्सर, याचा धोका थोडा वाढतो. घरात कुणाला होता का, ते विचारून या.”

“मग विचार की.”

“कुणाला? आई गेली. उरली ताई. आई गेल्यापासून आमच्यात शब्द नाही.”

“आणि नवरा काय म्हणतो तुझा?”

“मी घामानं भिजून उठते, तर म्हणतो, पंखा कमी कर.”

“धन्य आहे बाई! लाव ताईला फोन. मी आहे इथे.”

“काय तोंडानं लावू?”

“आहे त्याच. लाव.”

शिंपीणबाईंनी पान उलटलं.

“ताई, मी बोलतेय… अगं नाही, कुणी गेलं नाही. सगळे बरे आहेत. एक विचारायचं होतं. आपल्याकडे कुणाला छातीत गाठ वगैरे… काय?… तुला?… कधी गं?”

शेजारणीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ऑपरेशनसुद्धा झालं?… अगं ताई, मग जवळ कोण होतं तुझ्या?”