बोरदऱ्यात वडील निवडतात

मंडळी, ऐका! पुढारी निवडायचा तो कशावरून? आवाजावरून? कोटावरून? की घरी बोलावून कोंबडी कोण खाऊ घालतो त्यावरून? — मागच्या बाकावरचे दादा, मान डोलवू नका, उत्तर अजून बाकी आहे!

मोशेला त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, सांगितलं — माणूस कर्तबगार बघ, देवाला भिणारा बघ, खरं बोलणारा बघ, लाचेचा तिटकारा असलेला बघ! आणि मोशेनं ऐकलं! जावयानं सासऱ्याचं ऐकलं! तांबडा समुद्र दुभंगला त्याहून हा चमत्कार मोठा!

आता चला बोरदऱ्याला. चाळीस ख्रिस्ती घरं, एक विहीर, एक मोटर. पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं, ते मंडळीचा वडील — बाप नव्हे हो, चर्चचा निवडलेला पुढारी — ठरवणार. आणि वडील निवडायची रीत काय? — ज्याची प्रार्थना सगळ्यांत लांब, तो वडील! का म्हणून विचारायला जे गेले, ते अजून आमेनची वाट बघतायत.

निवडीचा रविवार उजाडला, सगळे देवळात — म्हणजे चर्चमध्ये — जमले. तबीथामावशी, एकटी विधवा बाई, तिचं कांद्याचं रोप तीन दिवस तहानलेलं. सकाळची पाळी तिची. आज पाणी चुकलं तर रोप गेलं, रोप गेलं तर वर्ष गेलं!

पहिला उभा राहिला हनोख कसबे, मोटरा दुरुस्त करणारा. "प्रभू, खरं वागायला बळ दे. आमेन." संपलं! लोकांचे डोळे मिटायच्या आत संपलं!

मग सीलासराव पगारे. जगासाठी प्रार्थना! ध्रुवावरच्या अस्वलांसाठी प्रार्थना! योनाला गिळणाऱ्या माशाच्या पचनासाठी प्रार्थना! सगळ्यांचे डोळे मिटलेले — निम्मे तर घोरतायत.

तेवढ्यात खिडकीतून आवाज — खळखळ! मावशीनं डोळे उघडले. पाणी! पण कुठं? सीलासरावांच्या उसात! व्हॉल्व्हपाशी त्यांचा मेव्हणा, पाय पसरून!

"सीलासराव, आज पाळी कोणाची हो?"

सीलासराव डोळे मिटूनच — "प्रभू, मध्येच बोलणाऱ्या या भगिनीला क्षमा कर..."

"क्षमा राहू दे, पाणी सोडा!"

मावशी धावली, मागून अख्खं देऊळ धावलं! आत उरले कोण? सीलासराव आणि एक पाल. पाल चुकचुकली. त्यांना वाटलं, मंडळी गहिवरली! पुन्हा अस्वलांपासून सुरुवात!

इकडे हनोखनं पाणी मावशीच्या वाफ्यांकडे वळवलं. लोक ओरडले, "हनोखच आपला वडील!"

मावशी म्हणाली, "लेकरा, कोंबडी पाठवते संध्याकाळी. पाणी तेवढं दिवसभर माझ्याकडंच राहू दे."

"कोंबडी नको, मावशी. बारा वाजता पाणी बंद. पुढची पाळी गुलाबभाऊंची."

"मेल्या! दोन तास चोरीला गेले माझे!"

"गेले खरे. ते माझ्या पाळीतून घ्या. चार वाजता."

"आणि तुझी वांगी?"

"वांगी उद्यापर्यंत थांबतील. रोप नाही थांबायचं."

मंडळी, सहाला शेवटचा वाफा भिजला! रोप वाचलं!

वाजवा रे झांजा!

मिटूनी डोळे देव स्मरावा ।
उघडूनी डोळे सेवक निवडावा ॥

येत्या रविवारी आपणही वडील निवडणार. काल एकजण मला म्हणाला, "महाराज, आम्हाला हनोखच पाहिजे." मी म्हटलं, नक्की? बाराच्या ठोक्याला तुमचं पाणी तोडेल तो! तेव्हा खरं सांगा — न्यायी वडील हवाय, की आपल्याच शेतात पाणी सोडणारा?

काय हो, हसू थांबलं? बरं झालं. आता हात जोडा.