लिफ्टचं कुलूप आणि मामांची नाडी

नाव: घरीदारी सगळे भिंगरी म्हणतात. वय: तेवीस. शिक्षण: नववी पास, दहावीला नुसतं बसून पाहिलं. धंदा: सध्या काही नाही, मागच्या महिन्यापर्यंत ट्रकवर क्लीनर. राहणार: मामांच्या घरी, पाय टिकतो तोवर.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, माझे मामा एका कंपनीत तळमजल्यावर जावक कारकून आहेत. निवृत्तीला चार वर्षं उरलीत. नवीन मॅनेजरांनी हुकूम काढला की, प्रत्येकाची सायकल चाचणी होणार आणि ज्याचा दम कमी भरेल त्याला घरी बसवणार. सदर सायकल जागची हलत नाही. मी पुष्कळ वाहनं पाहिली, एकदा तर बर्फाच्या ट्रकमध्ये मागे बसून (मुद्द्याचं बोलण्यास सांगण्यात आलं).

चाचणी सहा मिनिटांची. छातीला पट्टा बांधतात, पॅडल मारायचं, नाडी किती चढते ते यंत्र बघतं. कमी चढली की माणूस तगडा, असा हिशेब. चाचणीच्या बाईंनी विचारलं, "काका, काही औषध चालू?" मामा म्हणाले, "छे! मी ठणठणीत." मी डबा घेऊन तिथेच उभा होतो. रोज जिममध्ये जाणाऱ्या अकाउंटंटची नाडी उधळली. मामांची गोगलगायीसारखी थोडी वर गेली आणि बसली. यंत्राने मामांना तिशीचं ठरवलं.

मामा सकाळी चहाबरोबर बीपीची गोळी घेतात का, मला माहीत नाही. ती गोळी नाडीला चढूच देत नाही, हेही माहीत नाही, औषधाच्या दुकानदाराने मला तसं सांगितलेलं नाही. एवढंच बोलायचं, असं मामांनी बजावलं आहे.

निकालानंतर मॅनेजरांनी मामांचा फोटो लिफ्टच्या दारावर लावला. खाली लिहिलं, "हे चढतात, तुम्ही का नाही?" मग प्रत्येक मजल्यावर लिफ्टला कुलूप घातलं आणि मामांचं टेबल सहाव्या मजल्यावर नेलं. मामी म्हणाली, "नवरा तिशीचा झाला म्हणे. मग दम लागू नये म्हणून झोपायला तीन उशा कशाला लागतात?"

आज दुपारी डबा घेऊन चढताना मामा चौथ्या मजल्याच्या वळणावर बसलेले दिसले. ओठ निळसर. म्हणाले, "काही नाही रे, चपलेचा अंगठा तुटलाय." पायात बूट होते. येणारेजाणारे म्हणत होते, "काय मामा, दुसरी फेरी का?" मामा हात वर करत होते.

मी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं आणि त्या मजल्यावरचं कुलूप फोडलं. मॅनेजर धापा टाकत आले. "लिफ्ट आजाऱ्यांसाठी असते! हे आमचे सर्वांत निरोगी कर्मचारी आहेत!" मामांना खाली आणलं. दवाखान्यात निघालो होतो, पण गेटवरच मॅनेजरांनी बोलावलेली आपली पोलीस गाडी आली आणि दोघांना इथे आणलं.

हवालदारसाहेब म्हणतात, "कागदावर तुझा मामा तिशीचा आहे. मग आजारी माणसासाठी कुलूप फोडलं, असं मी कसं लिहू?" खरं-खोटं करायला त्यांनी मामांना खालच्या बाकावरून वर बोलावलं. हा दुसरा मजला. ठाण्याला लिफ्ट नाही. मामा खालून म्हणाले, "आलोच." पावलं थोडी ऐकू आली. मग ऐकू आली नाहीत.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो मी जिन्याच्या दारात उभ्यानेच ऐकला. सांगितला तसाच आहे. फक्त गोळीबद्दल जिथे जिथे "माहीत नाही" लिहिलंय, ते खोडा. माहीत आहे. सगळं माहीत आहे. साहेब, गाडी काढा. सही नंतर करतो.