प्रभावतीकाकूंचे अकरा नकाशे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि रामघाटावरच्या वेदपाठशाळेचे आचार्य वेदमूर्ती विश्वेश्वरशास्त्री. पस्तीस वर्षं विद्यापीठात गणित शिकवून गेल्या महिन्यात निवृत्त झालेले सत्कारमूर्ती, प्राध्यापक नरहर पळसुले सर. आपल्या मंडळाचे चिटणीस आणि माईकच्या बटणाचे एकमेव मालक गोपीनाथराव. सरांच्या शेजारची ही रिकामी खुर्ची. आणि चहा भाषणांनंतर आहे हे ठाऊक असूनही वेळेवर आलेल्या सोशिक बंधुभगिनींनो,

खुर्चीचं नाव घेतलं म्हणून हसू नका. आज या सभागृहात सगळ्यात मानाची तीच आहे. ती सरांच्या पत्नीची, प्रभावतीकाकूंची. काकू या क्षणी रामघाटावरच्या घरातून निघून, गल्ल्यागल्ल्यांतून, एकट्या, इथे ब्रह्माघाटाकडे चालत येत आहेत. चारला निघाल्या. सव्वाचारला पोचायला हव्या होत्या. आता चार वाजून बावीस मिनिटं झाली आहेत. गोपीनाथरावांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं, "लतिकाताई, काकू दारात दिसेपर्यंत थांबायचं नाही." या मंडळानं मला जास्त बोलायला सांगितल्याचा हा पहिलाच प्रसंग. एरवी माझं तिसरं वाक्य सुरू झालं की यांचा हात बटणाकडे जातो.

मागच्या फलकावर ठळक अक्षरांत 'निरोप समारंभ' असं रंगवलंय. पण निरोप द्यायचा की नाही, हे अजून ठरायचंय. काकू स्वतःच्या पायांनी इथे पोचल्या, तर पळसुले मंडळी काशीतच राहणार. नाही पोचल्या, तर शनिवारच्या गाडीनं पुण्याला, चिरंजीव सुशांतच्या चौदाव्या मजल्यावर. तिकिटं मीच काढली आहेत. रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात बसते ना मी, गणितात एम.एस्सी. झालेली बाई दुसरं काय करणार?

आता तुम्ही म्हणाल, घरच्या गोष्टी व्यासपीठावरून कशाला? मी काकूंची परवानगी घेऊन बोलते आहे. त्या म्हणाल्या, "सांग की सगळं. नाहीतरी गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहेच, निदान नीट तरी कळेल. फक्त माझं वय सांगू नकोस." तेव्हा वय सोडून सगळं सांगते.

गेल्या वर्षी काकूंना मोठं आजारपण आलं. त्यातून उठल्या, पण एक विचित्र गोष्ट झाली. माणसं ओळखतात, पुरणाचं प्रमाण ओळखतात, कोणत्या कोपऱ्यावर कोणाचं दुकान आहे तेही सांगतात. पण कोणत्या कोपऱ्यानंतर कोणता कोपरा, ते निसटतं. तुकडे सगळे लख्ख आहेत. जोडणी सुटली आहे. आणि नियतीचा विनोद बघा, ज्यांच्या घरात हे घडलं त्या गृहस्थांनी आयुष्यभर एकाच विषयावर काम केलं: तुकड्यांवरून अख्खं कसं जोडायचं. त्या विषयाला मॅनिफोल्ड म्हणतात.

घाबरू नका, मी फळा मागवलेला नाही.

मॅनिफोल्ड म्हणजे असं काहीही, जे जवळून पाहिलं तर सपाट, साधं, ओळखीचं वाटतं. लांबून मात्र ते वाकलेलं असेल, वळलेलं असेल, कसंही असेल. आपली पृथ्वीच घ्या. या सभागृहाची फरशी सपाट आहे ना? ब्रह्माघाट सपाट आहे, पायऱ्या सोडल्या तर. अशी सपाट सपाट ठिकाणं जोडत गेलं की शेवटी गोळा तयार होतो! म्हणून पृथ्वीचा एकच सपाट नकाशा काढायला गेलं की कुठेतरी फाटतो किंवा ताणला जातो. भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात ते तिच्या चौदाव्या हिश्श्याइतकं आहे. काही माणसंही मंडळाच्या अहवालात अशीच मोठी दिसतात. असो.

तर उपाय काय? एकाच मोठ्या नकाशाचा हट्ट सोडायचा. छोटे छोटे नकाशे काढायचे, प्रत्येक आपापल्या जागेपुरता खरा. आणि शेजारच्या दोन नकाशांत थोडा भाग दोघांतही यायला हवा. त्या भागात दोघांचं एकमत हवं. झालं. एवढ्यावर सगळी इमारत उभी आहे.

काय म्हणालात, सर? "व्याख्येतली हाउसडॉर्फची अट राहिली"? राहू द्या, सर. मंडळी चहासाठी थांबली आहेत, त्या अटीसाठी नव्हे. मी याच अटीवर एकदा नापास झाले होते. तुम्हीच केलं होतं.

तेव्हा मी रागानं सरांच्या घरी गेले होते. विचारलं, "सर, याचा जगात उपयोग काय?" सर म्हणाले, "उपयोग? अगं, जगच त्यावर उभं आहे." आणि त्यांनी मला दोन प्रवाशांची गोष्ट सांगितली. विषुववृत्तावर दोन माणसं शेजारी शेजारी उभी. दोघंही नाकासमोर, सरळ उत्तरेला निघाली. कोणी वळलं नाही, कोणी कोणाला ओढलं नाही. तरी ती जवळ जवळ येत गेली आणि ध्रुवावर एकमेकांवर आदळली. का? कारण जमीनच वाकलेली होती. सर म्हणाले, "आइन्स्टाइननं एवढंच ओळखलं. स्थळ आणि काळ मिळून एक मॅनिफोल्ड आहे. वस्तुमान त्याला वाकवतं. ग्रह आपला सरळच चाललेला असतो, बिचारा. आपण उगाच म्हणतो, सूर्यानं ओढलं." आपल्या मंडळातले दोन गटही दरवर्षी असेच सरळ मनानं, समांतर निघतात आणि गणेशोत्सवात आदळतात. कोणीही कोणाला ओढत नाही, याची मी साक्ष देते.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे बघत आहेत. शास्त्रीबुवा, त्या घड्याळातही मॅनिफोल्ड आहे! दोन काटे एकमेकांना न जुमानता फिरतात असं धरलं, तर दोघांच्या मिळून जितक्या म्हणून स्थिती होतील, त्या सगळ्या एकत्र मांडल्यावर मेदूवड्याचा पृष्ठभाग तयार होतो. भोकासकट. भौतिकशास्त्रवाले हेच करतात: यंत्र कितीही गुंतागुंतीचं असो, त्याच्या सगळ्या शक्य स्थितींचा असा एक पृष्ठभाग कल्पायचा, आणि मग अख्ख्या यंत्राची हालचाल म्हणजे त्यावरून चाललेला एक ठिपका. एकच ठिपका. कुठून निघाला, कुठे पोचला, एवढंच बघायचं.

साडेचार. आपला ठिपका अजून आलेला नाही.

मग नकाशांकडेच येते. काकूंना घरात बसवून ठेवणं सरांना मान्य नव्हतं. काकूंना तर त्याहून नव्हतं. घाटांवरून जाणं गुडघ्यांनी केव्हाच बंद केलं आहे, उरल्या गल्ल्या. मोबाइलमधला नकाशा आमच्या गल्लीत शिरला की निळा ठिपका गंगेत उडी मारतो. तेव्हा सरांनी शिल्लक राहिलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर चित्रं काढली. दुर्गाघाटावर काकूंच्या धाकट्या बहिणीचं, अन्नपूर्णामावशींचं घर आहे. तिथपर्यंतची वाट, नऊ पत्रिकांवर. एका पत्रिकेवर एक तुकडा. रंगीत, सुबक, बाणांसकट. आणि एका सकाळी काकूंना पाठवलं.

काकू निघाल्या. पहिली पत्रिका बरोबर, दुसरी बरोबर, तिसरी बरोबर. तिसरी संपली एका पानवाल्याच्या ठेल्याशी. चौथी सुरू होत होती एका पिंपळापासून. पिंपळ ठेल्यापासून बारा पावलांवर, वळणाच्या पलीकडे. तो तिसऱ्या पत्रिकेत नाही, आणि ठेला चौथीत नाही. काकू ठेल्यापाशी उभ्या, हातात पिंपळ! दोन तासांनी त्या सापडल्या, पार उलट्या दिशेला, संकठा घाटावर. पायरीवर बसलेल्या. नाववाला विचारत होता, "माताजी, पार जाना है?" आणि काकू सांगत होत्या, "पार नहीं भैया, घर."

सर धावत पोचले. चेहरा पांढरा. मी बरोबर होते म्हणून सांगते. काकूंनी पत्रिकांचा गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, हा तुम्ही पदपाठ केलात. क्रम कुठंय यात?"

शास्त्रीबुवा हसले, त्यांना कळलं. बाकीच्यांसाठी सांगते. काकू वेदपाठशाळेच्या घरातल्या. पदपाठात प्रत्येक शब्द सुटा म्हणतात. क्रमपाठात जोडीनं: पहिला-दुसरा, मग दुसरा-तिसरा, मग तिसरा-चौथा. प्रत्येक शब्द एकदा मागच्याचा हात धरतो आणि एकदा पुढच्याचा. म्हणून मध्येच कुठूनही उचला, साखळी तुटत नाही. काकूंना हे कोणी शिकवलं नव्हतं, मुलींना कोण शिकवणार? वडील ओसरीवर शिकवत आणि काकू आत गहू निवडत ऐकत.

म्हणजे बघा. सामाईक भागाशिवाय नकाशे जोडले जात नाहीत, हे ज्यांनी पस्तीस वर्षं शिकवलं, ते न लिहिल्याबद्दलही ज्यांनी माझे सात गुण कापले, त्या गृहस्थांनी स्वतःच्या बायकोसाठी नकाशे काढले ते कडेला कड लावून! मी घाटावरच म्हटलं, "सर, नापास." सर म्हणाले, "हो." एवढंच. मग पायरीवर काकूंच्या शेजारी बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

त्याच आठवड्यात सुशांत आला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आई दोन तास हरवली असं फोनवर ऐकलेल्या मुलानं दुसरं काय करावं? तो म्हणाला, "बास झालं, बाबा. तिकडे लिफ्ट आहे, वॉचमन आहे, डॉक्टर खाली आहे." सरांच्या आधीच काकू बोलल्या. "सुशांत, तिथं मला एक कोपराही ओळखीचा नाही. इथं सगळे आहेत, फक्त शिवायचे राहिलेत. यांच्या सत्काराला मी एकटी चालत येईन. आले, तर राहू. नाही आले, तर तू म्हणशील तिथं येईन, तोंडातून शब्द काढणार नाही."

नंतर तीन आठवडे दोघांनी मिळून नवे नकाशे केले. सरांनी काढायचे, काकूंनी तपासायचे. घरापासून या सभागृहापर्यंत अकरा. प्रत्येकात मागच्याचा शेवटचा कोपरा आणि पुढच्याचा पहिला. सर म्हणत, "प्रभा, एवढं पुरे." त्या म्हणत, "पुरे नाही, पिंपळ दोन्हीकडे हवा."

सुशांतनं एकच अट घातली: वीस पावलं मागून तो येणार, बोलणार नाही, हाक मारणार नाही. काकूंना हे ठाऊक नाही असं ठरलं होतं. काकूंना ते ठाऊक आहे, हे फक्त सुशांतला ठाऊक नाही.

चार अडतीस. सुशांतचा फोन लागत नाही. गोपीनाथराव मघापासून मान हलवत आहेत. माझ्याकडचे विनोद संपले, मंडळी. सर, तुम्ही त्या ताटातल्या हाराच्या पाकळ्या खुडणं थांबवा, गळ्यात घालायला दोराच उरेल. मी फक्त एवढंच म्हणते: त्या पोचल्या नाहीत, तरी नकाशे चुकले असं मी मानणार नाही. वाट…

थांबा. मागचे लोक उभे का राहिले?

या, काकू, या. वाट द्या जरा. नाही, हात धरू नका कोणी, येतील त्या.

काय म्हणताय? माईकवर सांगू?

मंडळी, काकू म्हणत आहेत, "उशीर झाला खरा. मी केव्हाच पोचले असते. आठव्या नकाशापाशी मागं वळून बघितलं तर सुशांत नाही. एक गाय आडवी आली आणि हा दुसऱ्याच बोळात शिरला. मग सातवा, सहावा असे उलटे लावत मागं गेले, तर हा मोबाइल वर धरून कुणाच्या तरी अंगणात उभा. त्याला घेऊन आले."

सुशांत, हसू नकोस, पुढे ये. तुझ्या डोळ्यांत पाणी आहे ते गल्लीतल्या धुळीमुळे, असं इतिवृत्तात लिहू. काय? तूच विचारतोयस, फॉर्म कुठंय? हा घे. तिकिटं रद्द करायचा फॉर्म मी सकाळीच भरून पर्समध्ये ठेवला होता. नावं, गाडी, तारीख, सगळं लिहिलंय. तिकिटं तुझ्या नावावर काढलीत, सही तुझीच लागेल. पेन शास्त्रीबुवांच्या खिशात आहे.

शास्त्रीबुवा, आपण दिलेल्या वेळेच्या तिप्पट बोलले. आपण सहन केलंत, याबद्दल मनापासून आभार. गोपीनाथराव, बटणापासून हात लांब ठेवल्याबद्दल तुमचेही. आणि त्या फलकावरचा पहिला शब्द चहाच्या आत खडूनं खोडा. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं सोडून द्या. गणितात काही चुकलं असेल तर मात्र सरांकडे जाऊ नका, काकूंना विचारा. त्या आता इथेच आहेत.

काकू, बसा. खुर्ची तुमचीच आहे.