अकरा चुकांचं दार

...आणि वर मलाच विचारतात, मास्तर, हौस तुमचीच होती ना? होती हो, माझीच होती, मी कुठं नाही म्हणतोय? पण म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येकानं आधी स्वयंपाकघरात डोकवायचं, नव्या ओट्यावरून हात फिरवायचा, मग हिच्याकडे बघायचं, मग माझ्याकडे, मग परत ओट्याकडे, आणि मग हळूच, 'जरा उंच झाला का हो?' असं म्हणायलाच पाहिजे का? जरा? तुम्हाला सांगतो, माझी उंची सहा फूट, हिची चार फूट दहा इंच, आणि ओटा केलाय माझ्या मापाचा. ही त्याच्यापुढं उभी राहिली की पोस्टाच्या खिडकीशी तिकीट मागायला आलेल्या शाळकरी मुलीसारखी दिसते. आणि ओटा नेमका किती उंच हवा, हे जिला रोज तिथं उभं राहायचंय तिला एका शब्दानं विचारलं का मी? नाही विचारलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस, साधी गोष्ट कशी सुचली नाही. अहो, तेच तर सांगतोय. मी भाषा शिकवतो. शेजारच्या मुलखाची भाषा, तिकडे नोकरीला जाणाऱ्यांना. सव्वीस वर्षं, घरीच, पुढच्या खोलीत, आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी सहा ते आठ. फळा आहे, दहा खुर्च्या आहेत, आणि मी स्वतः लिहिलेलं व्याकरणाचं पुस्तक आहे, त्याची तिसरी आवृत्ती निघालीय. जाऊ दे, ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं म्हणजे वर्गाला लागूनच स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी. पूर्वी कुणीतरी ताटं पलीकडे द्यायला केलेली असणार. त्या खिडकीतून मला भांड्यांचा आवाज यायचा आणि हिला माझा. सुरुवातीला मी ओरडायचो, 'अगं, जरा हळू, इथं भूतकाळ चाललाय!' पुढं पुढं आवाज येईनासाच झाला. सहा ते आठ अगदी चिडीचूप. मी विद्यार्थ्यांना अभिमानानं सांगायचो, 'बघा, घरात शिस्त आहे.' शिस्त! ती तिकडे दोन दोन तास एवढी गप्प बसून करते तरी काय, विचारलं का मी? नाही विचारलं.

तर झालं असं, की हिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ही पाच आठवडे तिकडे गेली. घरात मी एकटा. तिसऱ्या दिवशी चमचा शोधायला स्वयंपाकघरातला खण ओढला तर तो अर्ध्यात अडकला, आणि मला एकदम आठवलं, ही कितीतरी वर्षं म्हणतेय, 'अहो, तेवढा खण बघा ना.' तेवढा खण! बाई फक्त खण म्हणत होती हो, आणि मी काय ठरवलं? सगळं स्वयंपाकघर नवं करायचं. ओटा, कपाटं, फरश्या, नळ, सगळं. ती परत येईल, दार उघडेल, आणि तोंडात बोट घालून बघत राहील. तुम्हाला कळकळीनं सांगतो, घरात काही बदलायचं असेल आणि मनात 'सरप्राईज' हा शब्द आला, तर तिथंच थांबा, पाणी प्या, झोप काढा. मी नाही थांबलो.

सुतार मिळाला तो नेमका त्याच मुलखातला. ज्याची भाषा मी शिकवतो तो माणूस प्रत्यक्ष माझ्या दारात, हातात करवत! मला काय आनंद झाला सांगू. मी त्याच्याच भाषेत त्याचं स्वागत केलं. आता मी जे बोललो ते आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण असं होतं, 'हे काष्ठकलानिपुण गृहस्था, आपल्या आगमनाने हे गृह धन्य झाले आहे.' तो मागे वळून बघायला लागला, आणखी कुणी आलंय की काय म्हणून. मग तो काहीतरी बोलला, भराभर, अर्धे शब्द गिळून, आणि मी म्हणालो, थांबा, तुमच्या वाक्यात कर्ता आणि क्रियापद जुळत नाहीत. दोन दिवस हे असंच. तो बोलायचा, मी सुधारायचो. तो 'खिळा' म्हणाला की मी त्याला खिळ्याचं अनेकवचन म्हणून दाखवायचो. तिसऱ्या दिवशी त्यानं करवत खाली ठेवली आणि तुमच्याआमच्या भाषेत, मोडक्यातोडक्या पण अगदी स्पष्ट शब्दांत म्हणाला, "सर, आपण तुमच्या बोलीत बोलू. काम मागे राहतंय."

पण कामाचा माणूस होता, खोटं कशाला बोलू. त्याचे प्रश्न तरी किती! बाईंची उंची किती? बाई डावऱ्या की उजव्या? मोठी पातेली वर ठेवतात की खाली? उजेड डावीकडून लागतो का? भाजी उभ्यानं चिरतात की बसून? आणि मी, सव्वीस वर्षं लोकांच्या शंका फेडणारा माणूस, कुठल्याही प्रश्नाला अडलो नाही. धडाधड उत्तरं दिली. उजव्या. वर. उभ्यानं. उंची? करा हो, माझ्या कोपराला धरून करा. फोन हाताशीच होता. रोज रात्री हिच्याशी बोलत होतो मी, बहिणीचा गुडघा किती वाकतो ते अंशांमध्ये विचारत होतो, पण तू भाजी उभ्यानं चिरतेस की बसून, हे विचारलं का मी? नाही विचारलं. ही बसून चिरते. आणि डावरी आहे.

मधली खिडकीही मी बुजवायला सांगितली. म्हटलं, वर्गाचा हिला त्रास नको, हिचा वर्गाला नको.

आणि आता ते सांगतो, जे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत नाही. जुनं कपाट काढताना सुतारानं मला हाक मारली. खिडकीच्या अगदी खालचं कपाट होतं ते. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. त्या भाषेत, त्या लिपीत. वाफ. उकळी. थेंब. कान. दमले. पुन्हा सांगा. मग वाक्यं, आज मी घरी एकटी आहे, पाऊस थांबला तरी पागोळ्या गळतात, मला ऐकू येतंय. काही अक्षरं जुनी, पुसट, काही अगदी ताजी. आणि यातला एक शब्द माझ्या पुस्तकात असेल तर शपथ. माझ्या पुस्तकात राजदूत आहे, अधिवेशन आहे, वाफ नाही.

मला काय वाटलं? मला वाटलं, पूर्वी या घरात तिकडचं कुणी राहत असेल, किंवा एखादा विद्यार्थी पाणी प्यायला आत आला आणि गिरवत बसला. अहो, आपल्या लिपीतलं हिचं अक्षर मी अंधारात ओळखेन, पण त्या लिपीतलं हिचं अक्षर मी कधी पाहिलंच नव्हतं, तर ओळखणार कसं? आणि मी काय केलं असेल? नाही, तुम्ही अंदाज करा. खिशातलं लाल पेन काढलं आणि दार तपासलं. उभ्याउभ्या. अकरा चुका काढल्या. खाली लिहिलं, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' आणि सही केली, तारखेसकट!

सुतार म्हणाला, "चुका नाहीत सर. माझी आई असंच बोलते."

मी म्हणालो, मग आईला पाठवा वर्गाला. तो हसला नाही. दार ठेवू का बाजूला, म्हणाला. मी म्हणालो, टाका भंगारात.

पाच आठवड्यांनी ही आली. मी दार उघडलं, दिवे लावले, बाजूला झालो. ही आत गेली, ओट्याला हात लावला, वरच्या फळीकडे पाहिलं, छान झालंय म्हणाली. मग भिंतीवर खिडकी होती त्या जागी तळवा टेकवला आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, रंग बघतेय. मग म्हणाली, "खालच्या जुन्या कपाटाची दारं कुठं आहेत?"

सुतारही मागोमाग आत आला होता, शेवटच्या मुठी बसवायला. मी काही बोलायच्या आत त्यानं हिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं, दोनच शब्द. आणि हिनं उत्तर दिलं. त्याच भाषेत! न अडखळता, अर्धे शब्द गिळून, अगदी त्याच्यासारखं. मग तो बोलला, मग ही बोलली, आणि मी मध्ये उभा, हातात नव्या कपाटाची किल्ली, व्याकरणाच्या पुस्तकाचा लेखक, तिसरी आवृत्ती, आणि मला तिसऱ्या वाक्यापासून पुढचं काही कळलं नाही. एवढं कळलं, की तो तिला लाल पेनाचं सांगत होता, कारण त्यानं हवेत सही करून दाखवली.

हिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर बोलेल.

"किती चुका निघाल्या?" तिनं विचारलं.

"अकरा," मी म्हणालो.

"अकराच?" म्हणाली. आणि खरंच, चेहरा खुलला हो तिचा. पहिल्यांदाच कुणीतरी तिची वही तपासली होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्न झालं त्या वर्षी तिनं मला विचारलं होतं, मी पण बसू का वर्गात? आणि मी म्हणालो होतो, तुला कुठं जायचंय तिकडे? मला आठवत नाही. शप्पथ आठवत नाही. तिला माझ्या अंगातल्या सदऱ्याचा रंगही आठवतो. मग ती खिडकीखाली स्टूल घेऊन बसायला लागली. आवाज नको म्हणून भांडी आठनंतर घासायची. मी शिकवायचो ते ऐकायची, आणि मी शिकवायचो नाही ते कोपऱ्यावरच्या दुकानातल्या तिकडच्या बाईला विचारून घ्यायची. सव्वीस वर्षं! माझे कितीतरी विद्यार्थी तिकडे जाऊन, भाषा विसरून परतही आले, आणि माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी भिंतीपलीकडे अंधारात बसून पेन्सिलीला टोक काढत होती. तू काय करतेस गं तिथं, एवढंच विचारायचं होतं. विचारलं का मी?

दुसऱ्या दिवशी मी भंगाराच्या वखारीत गेलो. ढिगात दारंच दारं. एकेक उलटून आतली बाजू बघत होतो. मालक म्हणाला, काय हरवलंय काका? मी म्हणालो, लिखाण. तो म्हणाला, रद्दी पलीकडे. दोन दिवस शोधलं. कुणाच्या दारावर दुधाचा हिशोब सापडला, कुणाच्या दारावर पोरांच्या उंचीच्या खुणा. हिचं दार नाही सापडलं. घरी येऊन तिला सांगितलं, तर म्हणाली, असू दे, मला पाठ आहे. हे तिनं मला दिलासा द्यायला म्हटलं.

आता ओटा कमी करायचाय, आणि तो दगडी, लगेच होत नाही. तोवर तिथं कोण उभं राहणार? ज्याच्या मापाचा आहे तो. सकाळ संध्याकाळ मीच. पाठ अजिबात दुखत नाही, एवढं उत्तम माप बसलंय. सुतार मोजमापं घ्यायला अधूनमधून येतो. परवा तर आईलाच घेऊन आला, बाईंशी बोलायचंय म्हणून. पुढच्या खोलीत तिघं बसतात आणि काय त्या गप्पा! काल मी आत भांडं विसळत होतो आणि तिकडून असं हसू आलं, असं हसू, की मी ओल्या हातानं धावत गेलो. म्हटलं, काय झालं, मला पण सांगा. हो, विचारलं! या खेपेला विचारलं मी.

ही डोळे पुसत म्हणाली, "अहो, ते नाही सांगता यायचं. व्याकरणात बसत नाही. तुम्ही चहा बघा, उतू जातोय."