ब्रेकच्या दोन स्प्रिंगा

"हॅलो? हॅलो?… व्हय, मी कान्हूच. दाजी? दाजी, मोठ्यानं बोला की… ओरडायलाय? मग आणि जरा ओरडा!"

नंदिगड्ड्याच्या लाकूड-डेपोत फोन येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्यात बोलायचं कुठल्या तोंडानं आणि ऐकायचं कुठल्या, यावर गावात अजून एकमत नव्हतं. कान्हूनं सकाळी आठला बेळगावचा ट्रंक कॉल सांगून ठेवला होता, तो लागला साडेअकराला. पलीकडे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, मोटारी दुरुस्त करणारा वासू मेस्त्री. अलीकडे कान्हू, आणि त्याच्या छातीवर बसल्यासारखा डेपोचा कारकून, घड्याळ हातात धरून. तीन मिनिटं झाली की हा एक बोट वर करणार होता.

"स्प्रिंगा पोचल्या. दोन्ही. काल बसवल्या पण… अहो, झकास चालली काल! दाबला ब्रेक की उभी, सोडला की सुटली. आज बघतो तर हलंना… इंजिन चालू हाय की! इंजिन बोंबलतंय आणि मोटार जाग्यावर… न्हाई, हातब्रेक वढलेला न्हाई… मी काय खुळा हाय? दोनदा बघितला… बरं, तुमच्या समाधानाला तिसऱ्यांदा बघतो!"

ही मोटार एका लाकूडवाल्या साहेबानं वीस वर्षांपूर्वी शेडात टाकून दिली होती. साहेब विलायतेला गेला आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. कान्हूनं दोन वर्षं खपून ती उभी केली. गादीतली उंदरांची बिळं काढली, टप शिवून घेतला, वासू मेस्त्रीच्या चिठ्ठ्या वाचून वाचून इंजिन उलगडलं आणि परत भरलं. लोक हसले. हसणारांत पुढं कोण होतं तेही कान्हूनं लक्षात ठेवलं होतं. आज दुपारी मोटारी तपासणारा साहेब येणार होता. उतारावर ब्रेक लागला तर सुप्यापर्यंत माणसं न्यायचा परवाना मिळणार, नाही तर लाकडाची बैलगाडी होतीच.

"चारला येतोय साहेब! चारला!… आज हुकला तर एकदम पुढच्या साली… चहा पाजून थांबवू? दाजी, तो साहेब हाय, पावणा न्हाई… चाकं? मागची दोन्ही जाम. क्लच वास मारतोय… कसला म्हंजे? करपल्या भाकरीचा… ब्रेकच्या सळ्या? पुढं वढलेल्या हायत… न्हाई, पेडलवर पाय न्हाई. पाय न ठेवताच पुढं… चौकटीच्या मागच्या भोकात! मागच्याच भोकात अडकवल्यात हो स्प्रिंगा! तुमच्या चिठ्ठीतलं चित्र मी भिंतीला लावलंय, देवाशेजारी. पेडल दाबलं की सळी पुढं, ब्रेक लागला. पाय उचलला की स्प्रिंग सळीला मागं वढणार, ब्रेक सुटला. पाठ हाय मला… आज न्हाई बघितलं. काल बसवल्याल्या स्प्रिंगा आज पाय फुटून पुढं जातील काय?… बरं बरं. चिडू नका. थांबा, बघून येतो. फोन ठेवू नका!"

फोन टेबलावर टाकून तो बाहेर धावला. मोटार दारातच होती. पाठीवर पडून सरपटत आत गेला आणि तसाच पडून राहिला. दोन्ही स्प्रिंगा पुढच्या भोकात होत्या. मागच्या भोकातून काढून, पुढं ताणून, नीट बसवलेल्या. वर त्या निसटू नयेत म्हणून आकड्यांना वेताची चिवट पट्टी गुंडाळली होती, तिचं टोक दोनदा आत खुपसलेलं. ही गाठ नंदिगड्ड्यापासून दिग्गीपर्यंत एकच माणूस मारत होता.

"हॅलो, दाजी, अहो… अक्का? तू कशी फोनवर? दाजींना दे… आम्ही बरे हाय… म्हस व्याली, व्हय. रेडी… अगं ऐक ना… व्हय, रेडी काळीच हाय, म्हशीला आणि कसली हुणार? अक्का, मिंटं चाललीत गं! दाजींना दे!"

कारकुनानं एक बोट वर केलं.

"दाजी, पुढच्या भोकात हायत. दोन्ही!… मी न्हाई लावल्या… भूत कशाला लावंल? आप्पांनी लावल्यात… व्हय, आमच्याच आप्पांनी! गाठ वळखतो की मी. घाटातल्या गाडीची गाठ हाय."

आप्पा, म्हणजे कान्हूचे वडील नागू, कचेरीच्या कट्ट्यावरच बसले होते, खिडकीकडं पाठ करून. जन्म सगळा बैलगाडीवरून लाकूड उतरवण्यात गेलेला. सकाळपासून ते हात मागं धरून हिंडत होते. कंबर दुखत असेल असं कान्हूला वाटलं होतं. आता दिसलं, मनगटापर्यंत काळं ग्रीस.

"आप्पा! ओ आप्पा! मोटारीखाली तुम्ही गेला होता?… दाजी, व्हय म्हणत्यात. मान हलवली… का म्हंजे? विचारतोय की. आप्पा, का?… म्हणत्यात, पाय दाबल्यावर उभी ऱ्हाती ती कसली गाडी? पाय सुटल्यावर उभी ऱ्हायला पाहिजे… म्हणत्यात, घाटात आधी चाकावर दांडा आवळायचा, मग बैल हाकायचं. आवळलेलाच असतोय तो. ढिला करायचा तो माणसानं… हसू नका दाजी! हसायची गोष्ट हाय ही? बैलाची अक्कल मोटारीला लावलीय! दोन वर्षं हाडं झिजवली मी, आणि आज, नेमकं आजच… काय आप्पा?… म्हणत्यात, माणसाला ताप आला, डोळं फिरलं, हात सुटला, तर…"



पाच वर्षांपूर्वी दिग्गीचा घाट उतरताना धाकटा भाऊ लखू पुढच्या गाडीवर होता. अंगात ताप होता तरी गाडीवर चढला होता. दांडा आवळून बांधायचा दोर त्यानं नुसता हातातच धरला होता. हात सुटला तसा दोर सुटला, आणि लाकडासकट गाडी दरीत गेली. मागच्या गाडीवर आप्पा होते. त्यांनी ते पाहिलं. त्यानंतर घरात लखूचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आप्पा या मोटारीला हसत नव्हते, तिच्या पायरीवर पायही ठेवत नव्हते, आणि कान्हूला त्याचा राग होता. दोन वर्षं होता. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"…न्हाई, हाय मी. लाइन तुटली न्हाई… अक्का? तू ऐकत होतीस? रडू नको. अगं रडू नको म्हणतो ना… व्हय, लखूचंच… नाव न्हाई घेतलं. कोण घेतंय?… दाजी, तुम्ही तरी बोला. काय करू?… अहो, असा ठेवला तर मोटार चालायचीच न्हाई! स्प्रिंगा मागं घ्यायलाच पाहिजेत… पाव तासाचं काम. त्याचं न्हाई हो काय. त्यास्नी काय सांगू?… कुणाच्या हातात?… हातब्रेक? आप्पांच्या?… दाजी, ते बसत न्हाईत मोटारीत. ठाऊक न्हाई व्हय तुम्हाला?… बरं विचारतो. विचारतो म्हटलं की!"

कारकुनानं दुसरं बोट वर केलं. कान्हूनं त्याच्याकडं असं बघितलं की ते त्यानं खाली घेतलं.

"आप्पा, इकडं बघा. स्प्रिंगा मी मागं घेणार. घ्यायलाच लागतात. पण हातब्रेकचा दांडा तुमच्या हातात. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. माझा पाय सुटू दे, मला काय बी होऊ दे, तुम्ही वढायचं. साहेबाला विचारायचं न्हाई, मला बी विचारायचं न्हाई… आप्पा?"

आप्पा उठले. हात मातीत चोळले, घागरीतून पाणी घेऊन धुतले. मग डोक्यावरचं मुंडासं सोडून घट्ट बांधलं. घाटात गाडी घालण्याआधी बांधायचे तसंच.

"काय बोलले न्हाईत… थांब अक्का, बघू दे. मोटारीकडं निघाले… पुढं फिरले… आता उभे हायत नुसते… अगं चढले! चढले गं अक्का! पुढच्या सीटवर… व्हय, खरंच. देवाशपथ… धरलाय दांडा. दोन्ही हातांनी… न्हाई गं, अजून कुठं? स्प्रिंगा हायत तशाच. चाकं जाम हायत, मोटार तसूभर हलायची न्हाई… तरी बी धरून बसल्यात. बोटं पांढरी पडल्यात… सांगू काय त्यास्नी, आता सोडा म्हणून?… अक्का? हॅलो?… हॅलो?"

फोन मेला होता. कान्हूनं तो ठेवला, पाना घेतला आणि मोटारीखाली शिरला. सोडा म्हणून त्यानं आप्पांना सांगितलं नाही.