पडद्याआतला मेहुणा

कार्नेइओस महिना, शुद्ध सप्तमी. दक्षिणेचा गरम वारा, आभाळ पिवळट, समुद्र तव्यासारखा सपाट. आणि अशा दिवशी, मंडळी, माझा मेहुणा पडद्याच्या आत आणि मी बाहेर! तुम्हाला सांगतो, मी बाहेर होतो याचं वाईट नाही, बाहेर तर मी चार वर्षं होतोच. पण मिकोन आत? मिकोन! ज्याला वहाणेचा डावा-उजवा अजून कळत नाही, तो आत बसून गुरुजींचं तोंड बघतोय, आणि मी चटईवर बसून पडद्याची शिवण बघतोय!

तुम्ही आमच्या पंथातले नाही, म्हणून सांगतो. आमच्यात नवा माणूस आला की पाच वर्षं मौन. घरीदारी, बाजारात, दाढ दुखली तरी. गुरुजी पडद्याआडून बोलणार, आपण बाहेरून ऐकणार. जग कशाचं झालंय? कोणी म्हणतं पाण्याचं, कोणी म्हणतं हवेचं, आमचे म्हणतात संख्येचं! तार बरोबर निम्म्यावर दाबली की तोच सूर वरच्या पट्टीत येतो. का? संख्या! तारे वाट चुकत नाहीत. का? संख्या! पाच वर्षं झाली की पडदा सरकतो, मग आत बसा, विचारा काय विचारायचं ते. आणि हे मौन धरणारा मी कोण? या तारास गावचा दवंडीवाला! माझी आरोळी धक्क्यावर सुटली की कालवं मिटायची हो! तो आवाज मी घशात पुरला. कशासाठी? एकदा आत बसायला मिळावं आणि गुरुजींनी म्हणावं, ‘दामिस, बोल.’ बस. एवढंच मागणं.

मिकोन आला माझ्यामागून, दोन वर्षांनी. पहिल्या दिवशी गुरुजी चेहरा बघतात, चाल बघतात. माझं बघून म्हणाले होते, “कपाळ ठीक आहे. हनुवटी फार घाई करते.” हनुवटी! आणि मिकोनकडे बघून? “अहाहा! काय स्थिर मुद्रा!” स्थिर? अहो, झोपला होता तो! उभ्याउभ्या! त्याची आई त्याला न्हाऊ घालायची तेव्हाही तो असाच झोपायचा, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. आणि मी? मी गप्प!

घरी बायको. मेलिता. तीही पंथात, बायकांनाही घेतात आमच्यात, पण मौनाच्या बाबतीत तिच्या घराण्याचं वेगळंच चालतं. म्हणजे तिला स्वयंपाकघरात मुभा, असं तिनं स्वतःच ठरवलं. भाकरी थापता थापता सुरू! “बघा माझ्या भावाकडे. कसं तेज आलंय चेहऱ्यावर. नाहीतर तुम्ही! गप्प बसता, पण तुमचे कान बोलतात.” कान बोलतात! आता कानांनाही मौन शिकवू का? बोलायला शंभर गोष्टी होत्या हो, ओठांपर्यंत आल्या होत्या. आणि मी? मी गप्प!

आणि दोन वर्षांतच मिकोन आत! पाचांतली तीन माफ! गुरुजी म्हणाले, “याला मौन शिकवावं लागत नाही.” अरे, शिकवावं कशाला लागेल? त्याच्याकडे बोलायला होतं काय? रिकाम्या रांजणाला झाकण घालून ठेवलंत आणि वर म्हणता, बघा, थेंब सांडत नाही!

बरं, इथवर मी गिळलं. पण पुढचं ऐका. मौनात माणूस काय करणार? मी जैतून खायचो आणि बिया मांडायचो. एक बी ठेवली. तिच्या दोन बाजूंनी वळसा घालून तीन ठेवल्या, झाला चौकोन. त्याला वळसा घालून पाच, पुन्हा चौकोन! मग सात, पुन्हा चौकोन! एक विषम संख्या सुटत नाही, मंडळी, एकही नाही, सगळ्या येऊन आपापल्या जागी बसतात! अंगावर काटा आला माझ्या. चार वर्षं ‘संख्या, संख्या’ ऐकत होतो, त्या दिवशी अंगणात ती मला भेटली. कुणाला सांगू? मेलिताला खूण केली, तर म्हणाली, “बिया उचला आधी. पाय घसरेल कुणाचा.” आणि मिकोन? भाकरीचा तुकडा चघळत उभा होता. “अं... दाजी... छान आहे हो... चौकोन.” एवढंच म्हणाला.

आणि सप्तमीला पडद्याआडून आवाज आला. त्याचाच. “अं... गुरुजी... एक ठेवली... मग तीन ठेवल्या...”

माझ्या बिया! माझा चौकोन! आणि आत गुरुजी सद्गदित! “मिकोन, हे तुला कुठून सुचलं?” तो म्हणतो, “अं... असंच... अंगणात.” अंगणात! कुणाच्या अंगणात रे? मी मूठ चावली. हीच, बघा, खूण आहे अजून. म्हटलं, जाऊ दे, निदान संख्या खरी ठरली. पण गुरुजी म्हणाले, “हे नवं नाही बाळा. हे त्यांनी स्वतः सांगितलंय.” ‘ते’ म्हणजे आमच्या पंथाचे मूळपुरुष, त्यांचं नाव घेत नाहीत, आणि पंथात कुणालाही काहीही सुचलं तरी ते त्यांचंच! म्हणजे माझ्या बिया मिकोननं ढापल्या आणि मिकोनच्या हातून त्या गेल्या एका कधीच वारलेल्या माणसाकडे! कशाचा चौकोन आणि कशाचं काय, माझ्या हनुवटीनं घाई केली, मंडळी. मी उठलो आणि दवंडीच्या आवाजात, चार वर्षांच्या साठलेल्या आवाजात ओरडलो, “माझ्या आहेत त्या! मी खाल्ले होते ते जैतून!”

पडदा हलला. खरंच हलला. बाहेरची कबुतरं उडाली. आतून मिकोन म्हणाला, “अं... दाजी बोलले वाटतं.”

मौन मोडलं आणि वर ‘माझं’ म्हणालो, तेही या पंथात, जिथे माझं-तुझं काही नसतं. आता आमच्यात जो असा मोडतो त्याला हाकलत नाहीत. हाकलणं परवडलं! त्याला मेला समजतात. रीतसर. गावाबाहेर वाटेच्या कडेला माझं थडगं बांधलं, वर शिळा, शिळेवर ‘दामिस’. मी मागे उभा राहून बघत होतो. मिकोन बोलला माझ्यावर, रडत रडत. “अं... दाजींसारखा गणिती... पुन्हा होणे नाही.” आता सांगतोस? आता? आणि मेलिता दर सणाला जाते, शिळेवर दूध ओतते, मध ओतते. पंचवीस वर्षांच्या संसारात मला कधी मधाचं बोट मिळालं नाही आणि त्या दगडाला वाटीभर! मी मिकोनवर जळत होतो ते बरं होतं हो, निदान तो दुसरा माणूस होता! घरात मी समोर बसतो, ती माझ्या आरपार भिंतीकडे बघते. विचारतो, “मीठ कुठे आहे?” उत्तर नाही. आता मी बोलतो, दिवसभर बोलतो, आणि ती गप्प!

आणि मेलेल्याचा आत्मा कुठेतरी जातो ना, आमच्या मते? दुसऱ्या देहात. तर गेल्या महिन्यात बाजारात एका खुराड्यात एक बदक ओरडत होतं. असं ओरडत होतं की धक्क्यापर्यंत ऐकू जावं. मेलिताबरोबर निघालेला मिकोन थबकला. डोळे भरून आले त्याचे. “अं... ताई... हा आवाज... दाजी!”

मी तिथेच उभा होतो. हाताच्या अंतरावर. म्हटलं, “अरे, मी इथे आहे!” दोघांनी बदकापुढे हात जोडले. घरी आणलं त्याला. माझ्या गादीवर बसवलं. मी अंगणात झोपतो.

काल संध्याकाळी मात्र मेलिता दारात आली, कितीतरी दिवसांनी तोच जुना आवाज, गोड, आर्जवी. “अहो, जेवायला चला ना!”

मी धावलो. बदक आधी पोचलं. ताट एकच होतं.